मामांच्या पिकअपसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निवडताना

पुरंदर तालुक्यात माझ्या मामांची अंजिराची आणि सीताफळाची बाग आहे. बागेचा एक तुकडा ओढ्याकाठी आणि दुसरा वरच्या माळावर असल्यामुळे दोन्हींना जोडणारा मुरमाचा खाजगी रस्ता चांगलाच चढाचा आहे, आणि त्या रस्त्यावर क्रेट, खताच्या गोणी, पाण्याच्या टाक्या आणि मजूर यांची ने-आण महिंद्राची एक जुनी पिकअप वर्षानुवर्षे करीत आली आहे. तिचे मूळ इंजिन निकामी झाले तेव्हा अपघातात सापडलेल्या एका स्कॉर्पिओचे २.२ लिटरचे एमहॉक डिझेल इंजिन, त्याच्या ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि वायरिंगसकट, भोसरीच्या एका गॅरेजमध्ये तिच्यात बसवून घेतले होते. पुढे मामांच्या डाव्या गुडघ्याचा सांधा बदलावा लागला आणि दिवसभर क्लच दाबण्यास डॉक्टरांनी मनाई केली. मामा दुसऱ्याला स्टिअरिंग देणाऱ्यांपैकी नाहीत. त्यामुळे याच इंजिनामागे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा असे ठरले आणि तो निवडण्याचे काम माझ्याकडे आले. मी पेशाने यंत्र-अभियंता असलो तरी गिअरबॉक्स हा माझा रोजचा विषय नव्हे. म्हणून निवडीमागची कारणे जरा सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. आमची पिकअप मामांच्या स्वतःच्या जमिनीबाहेर जात नाही. भोसरीला नेताना आणि परत आणतानाही ती दुसऱ्या वाहनावर लादूनच नेली. ज्यांना अशी गाडी सासवड रस्त्यावर किंवा कात्रजच्या घाटात चालवायची असेल त्यांनी पुढे वाचण्यापूर्वी आरटीओतील जाणकाराला गाठावे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती न्यूटन-मीटर झेपतात? आमच्या एमहॉक इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २९० न्यूटन-मीटर आहे आणि तो १८०० ते २८०० आरपीएम या टप्प्यात मिळतो. एवढा टॉर्क सहज पेलणारे गिअरबॉक्स अनेक आहेत, म्हणून त्या प्रश्नाने निवड फारशी पुढे सरकत नाही. मी आधी पिकअपचे चाक आणि क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी जोडी, पाहिले. दाते ३७ आणि ९, म्हणजे प्रमाण ४.११, चाकाचा एका फेऱ्यातला पल्ला सुमारे २.१४ मीटर. बागेतल्या चढावर भरलेली गाडी ताशी १५ ते २५ किलोमीटरच्या पुढे जात नाही. हे आकडे समोर ठेवल्यावर लक्षात आले की या गाडीचे निम्मे आयुष्य पहिल्या गिअरमध्ये, टॉर्क कन्व्हर्टर घसरत असतानाच जाणार आहे. आणि त्या अवस्थेत गिअरबॉक्स तुटत नाही, भाजतो.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचे पंखे तेल फेकतात आणि त्या तेलाच्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचे पंखे फिरतात. दोन्हींच्या वेगात फरक असतो तोपर्यंत टॉर्क वाढून मिळतो, उभ्या गाडीतून निघताना जवळजवळ दुप्पट. परंतु त्याच फरकातून वाया गेलेली शक्ती तेलात उष्णता होऊन उतरते. महामार्गावरच्या गाडीत काही सेकंदांत हा फरक मिटतो आणि दोन्ही बाजू थेट जखडणारा लॉकअप क्लच तो उरलासुरलाही संपवतो. मुरमाच्या चढावर एक टन माल घेऊन रांगणाऱ्या गाडीला ती सवलत नाही. तेल साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर गेले की पुढच्या प्रत्येक अकरा-एक अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा या क्षेत्रातील जुना ठोकताळा आहे. तेल जळले की बॉक्सच्या आतल्या, गिअर धरणाऱ्या क्लचच्या पट्ट्या जळतात आणि मग लोक म्हणतात, गिअरबॉक्सच कमकुवत निघाला.

म्हणून मी उमेदवारांकडे तीन प्रश्न घेऊन गेलो. उष्णता बाहेर काढण्याची सोय किती सरळ आहे? आमचे इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे एकमेकांशी बोलणे कशाने होणार? आणि बिघडल्यास पुण्यात किंवा फार तर मुंबईत तो उघडून दुरुस्त करणारा माणूस आणि लागणारा माल मिळेल का?

सर्वांत सोपा वाटणारा पर्याय स्कॉर्पिओचाच होता. महिंद्राने २००८ मध्ये याच एमहॉक इंजिनाला सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडला होता, त्यामुळे बेल हाउसिंगपासून (इंजिनाला जोडणाऱ्या पुढच्या कवचापासून) सगळे जुळले असते. पण तो ऑस्ट्रेलियातील डीएसआय या कंपनीचा होता. २००९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेली आणि चीनच्या जीलीने विकत घेतली. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारल्यावर क्लचपॅकचा संच मागवून देतो असे म्हणणारे भेटले, केव्हा मिळेल ते मात्र कोणी सांगेना. आजच्या थार आणि स्कॉर्पिओ-एनमधला आयसिनचा सहा गिअरचा बॉक्स गुणाने उत्तमच आहे. परंतु तो इंजिनाच्या ईसीयूशी कॅन या डिजिटल जाळ्यावरून सतत देवाणघेवाण करतो आणि आमचा ईसीयू मॅन्युअल स्कॉर्पिओचा, म्हणजे त्या संभाषणात मुका. दोन्ही ईसीयू, चावीची सुरक्षा यंत्रणा आणि सगळे वायरिंग नव्या गाडीचे आणायचे तर इंजिनही नव्या गाडीचेच का आणू नये, असा प्रश्न पडतो.

खरी चुरस झाली ती मर्सिडीजच्या ७२२.६ या पाच गिअरच्या बॉक्सशी. १९९५ पासून मर्सिडीजच्या गाड्या पुण्यातच जुळवल्या जात असल्यामुळे हा गिअरबॉक्स खोलून बसवणारे हात शहरात आहेत. त्याच्या नावातच त्याची ताकद लिहिलेली असते : डब्ल्यू५ए३३० म्हणजे ३३० न्यूटन-मीटर आणि डब्ल्यू५ए५८० म्हणजे ५८०. त्याचे आजारही सर्वज्ञात आहेत. तेरा पिनांच्या विजेच्या जोडणीतली रबरी रिंग कडक होऊन तेल वायरींमधून थेट कंट्रोलरपर्यंत (गिअर बदलणाऱ्या संगणकापर्यंत) झिरपते, आणि आतल्या कंडक्टर प्लेटवरचे वेगाचे सेन्सर मान टाकतात. हे दोन्ही दोष थोड्या खर्चात दूर होतात, म्हणून मला ते नाकारण्याचे कारण वाटले नाही. अडचण वेगळी होती. या बॉक्समध्ये गिअर बदलणे तर विजेवर आहेच, तेलाचा दाबही विजेवरच ठरतो. कंट्रोलर रुसला की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसते. भरल्या गाडीने माळावरचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढायचा म्हणजे तेल उकळायलाच ठेवायचे. शिवाय तेल मोजण्याच्या नळीत डिपस्टिक नसते, ती गॅरेजवाल्याकडे स्वतंत्र हत्यार म्हणून असते. बागेतल्या माणसाला तेल किती आहे आणि कोणत्या रंगाचे आहे हे स्वतः पाहता आले पाहिजे, हा माझा आग्रह होता.

अमेरिकेतील पिकअपवाल्यांचा लाडका जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हाही मी कागदावर तपासला. १९६४ पासूनचा हा तीन गिअरचा बॉक्स दणकट म्हणून वाखाणला जातो आणि त्याला कॉम्प्युटर लागत नाही, हे खरे. पण तो इंजिनावरचा भार ओळखतो पेट्रोल इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून, जो डिझेलमध्ये आपसूक तयार होत नाही. आणि पुण्यात त्याची साधी गॅस्केट मिळवायची तरी परदेशाकडेच पाहावे लागेल.

शेवटी निवड झाली ती आयसिन-वॉर्नरने टोयोटासाठी बनवलेल्या ए३४० या चार गिअरच्या जुन्या बॉक्सची. हेच कुटुंब जीप चेरोकीमध्ये एडब्ल्यू४ या नावाने १९८७ पासून २००१ पर्यंत होते, आणि टोयोटा सुप्राच्या तीन लिटर टर्बो इंजिनामागेही याच घराण्यातला बॉक्स बसत असे, त्यामुळे २९० न्यूटन-मीटरची धास्ती उरली नाही. पहिला गिअर २.८०, दुसरा १.५३, तिसरा सरळ १ आणि चौथा ०.७०५. मॅन्युअल पिकअपचा पहिला गिअर बहुधा चारच्या आसपास असतो, त्या मानाने २.८० कमी वाटतो. पण निघताना कन्व्हर्टरची जवळपास दुप्पट जोड मिळत असल्याने प्रत्यक्षात ओढ अधिकच लागते. बेल हाउसिंग वेगळे निघते, त्यामुळे दुसऱ्या इंजिनाला जोडणे सोपे. डिपस्टिक आहे. आणि मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे गिअर बदलण्यासाठी त्यात फक्त दोन सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह) असतात, तिसरे लॉकअपचे. पहिले चालू आणि दुसरे बंद म्हणजे पहिला गिअर, दोन्ही चालू म्हणजे दुसरा, पहिले बंद आणि दुसरे चालू म्हणजे तिसरा, दोन्ही बंद म्हणजे चौथा. वीज पूर्ण गेली तरी गिअरचा दांडा एल (लो) या खुणेवर ठेवल्यास पहिला गिअर, दोनवर ठेवल्यास तिसरा, डीवर चौथा आणि रिव्हर्स मिळतोच. म्हणजे वायर उंदराने कुरतडली तरी मामा पहिल्या गिअरमध्ये घरी येऊ शकतात. बागेतल्या गाडीबाबत उंदीर ही थट्टेची बाब नाही.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर परदेशातून आलेले जुने इंजिन-गिअरबॉक्स विकणारी दुकाने आहेत. एका दुकानदाराने बॉक्सच्या तळाचे तेलाचे चेंबर उघडून दाखवण्यास साफ नकार दिला. तिथून आम्ही निघालो. दुसऱ्याने हरकत घेतली नाही. भोसरीचे मिस्त्री सोबत होते. चेंबरचे बोल्ट सोडवून त्यांनी आधी तेलाचे बोट नाकाशी नेले. करपट वास नव्हता, रंग तपकिरीकडे झुकलेला पण लालसर होता. मग चेंबरमधली चुंबके बोटाने पुसली. त्यांच्यावर राखेसारखी मऊ करडी पेस्ट होती, जी इतक्या वर्षांत जमायचीच. पितळेचा चुरा किंवा क्लचपट्टीचे काळे कपचे असते तर बॉक्स तिथेच सोडला असता. तरीही भोसरीला आणल्यावर तो पूर्ण उघडला. या बॉक्समध्ये ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे चौथ्या गिअरचा, गिअरसंच सर्वांत पुढे असतो आणि त्याच्या डायरेक्ट क्लचमधून पहिल्या तिन्ही गिअरचा सगळा टॉर्क जातो, म्हणून त्या क्लचच्या पट्ट्या आणि एकूण सर्व रबरी सील नवीनच घातली. जुळवताना मिस्त्री प्रत्येक क्लचच्या तेलाच्या भोकात कॉम्प्रेसरची हवा सोडून पाहत होते. सील धड असेल तर आतून ‘थप्’ असा भरीव आवाज येतो, फुसफुस ऐकू आली तर तो संच पुन्हा बाहेर काढायचा.

इंजिन आणि बॉक्स यांच्यामधली जाड पट्टी भोसरीतल्याच एका लेथवाल्याने मिलिंगवर करून दिली. तिची जाडी आणि मध्य या दोन्ही बाबतींत सूट नसते. क्रँकच्या टोकाला डायल गेज लावून बेल हाउसिंगच्या भोकाभोवती फिरवले आणि काटा मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा जास्त हलणार नाही इथपर्यंत डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) सरकवून मध्य साधला. हा मध्य चुकला तर पुढचे बुश आणि पंपाचे सील काही महिन्यांत जाते आणि दोष पुन्हा गिअरबॉक्सवर येतो. कन्व्हर्टर बसवतानाही घाई चालत नाही. तो फिरवत फिरवत आत ढकलला की एकामागून एक शाफ्टचे खाचे धरत खाली उतरतो आणि शेवटी पंपाच्या दातात बसतो. तो शेवटचा टप्पा बसला नसताना बोल्ट आवळून इंजिन आणि बॉक्स जवळ ओढले, तर इंजिन सुरू होण्याआधीच पंप फुटलेला असतो. मिस्त्रींनी बेल हाउसिंगवर सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टर किती आत आहे ते मोजले आणि मगच बोल्ट हातात घेतले.

यानंतरचा भाग या सगळ्या कामातला मर्माचा आहे, आणि लोक नेमके त्याच्याकडे दुर्लक्ष करतात असे माझे निरीक्षण आहे. ए३४० मध्ये तेलाचा दाब एका केबलने ठरतो, जिला थ्रॉटल केबल म्हणतात. ॲक्सिलरेटर जितका दाबला जाईल तितकी ती ओढली जाते, व्हॉल्व्ह बॉडीतला (तेलाची वाट ठरवणाऱ्या भागातला) एक कॅम फिरतो, दाब वाढतो आणि क्लच घट्ट धरतात. केबल ढिली असेल तर गिअर अगदी मऊ, लोण्यासारखे बदलतात. चालवणारा खूश होतो आणि आत क्लच घसरून जळत असतात. टोयोटाच्या पेट्रोल इंजिनात ही केबल थ्रॉटल बॉडीला जोडलेली असते. एमहॉकचा ॲक्सिलरेटर मात्र इलेक्ट्रॉनिक आहे; पेडल केवळ सेन्सर हलवते, ओढायला काहीच नसते. म्हणून पेडलच्या दांड्यालाच एक छोटी कोनी तरफ बसवून तिच्यावरून केबल घेतली. टोयोटाचा नियम असा, की पेडल पूर्ण दाबल्यावर केबलवरचा धातूचा मणी आणि बाहेरच्या नळीचे टोक यांतले अंतर शून्य ते एक मिलिमीटर असावे. मी गाडीखाली टॉर्च घेऊन पडलो, भाच्याला पेडल तळापर्यंत दाबून धरायला सांगितले आणि फीलर गेजने ते अंतर पाहत तरफेची लांबी जमवली. त्याच तरफेवर एक वेगळा पोटेन्शिओमीटर (स्थिती मोजणारा सेन्सर) बसवून गिअर कंट्रोलरला पेडलची माहिती दिली, जेणेकरून इंजिनाच्या ईसीयूच्या वायरींना हात लावावा लागला नाही. त्यांना जोड देऊन संकेत ‘चोरण्याची’ युक्ती काही जण सुचवतात. पेडलचा संकेत बिघडून इंजिन मधेच मंदावण्याचा धोका घेण्यासारखे त्यात काही नाही.

कंट्रोलर स्वतंत्र, सेटिंग बदलता येणारा घेतला. त्यात महत्त्वाचा निर्णय एकच होता. ताशी २५ किलोमीटरला पहिल्या गिअरमध्ये, कन्व्हर्टरचे घसरणे सोडून, इंजिन सुमारे २२५० आरपीएमवर येते, तर दुसऱ्यात जेमतेम १२३० वर. भरल्या गाडीला त्या वेगाने दुसऱ्यात टाकले तर इंजिन १८०० ते २८०० च्या टॉर्कच्या टप्प्याखाली राहते आणि उरलेला फरक कन्व्हर्टर घसरून, म्हणजे तेल तापवून, भरून काढतो. म्हणून पेडल निम्म्याहून अधिक दाबलेले असताना २५ च्या आत दुसरा गिअर पडणार नाही असे सेटिंग केले, आणि चढ सुरू होण्याआधी दांडा एलवर घ्यायचा हे मामांना सांगितले. इंजिन ओरडते म्हणून ते सुरुवातीला कुरकुरले. त्यांच्या मते इंजिन जितके संथ तितके सुखी. डिझेल ट्रॅक्टरवर वाढलेल्या पिढीची ही ठाम समजूत आहे आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या बाबतीत ती उलटी आहे.

थंडाव्याच्या सोयीची परीक्षा आम्ही टप्प्याटप्प्याने घेतली. एक तापमान सेन्सर चेंबरमध्ये आणि दुसरा बॉक्समधून बाहेर पडणाऱ्या तेलाच्या नळीत बसवला. नळीतला काटा चढावर लगेच उसळतो, चेंबरमधला सावकाश मागून येतो, आणि तेलाचे आयुष्य या दुसऱ्यावरून समजते. प्रथम केवळ रेडिएटरच्या टाकीतून तेल फिरवले. एप्रिलच्या उन्हात, पाण्याच्या टाक्या भरून, चढ-उतार सलग चालू ठेवल्यावर चेंबरमधले तेल ११५ अंशांच्या पुढे जाऊ लागले, तेव्हा थांबलो. नंतर रेडिएटरच्या पुढे स्वतःचा पंखा असलेला पट्ट्यांचा कूलर मालिकेत जोडला. कमी वेगात समोरून वारा लागत नसल्यामुळे पंख्याशिवाय कूलर बागेत निरुपयोगी आहे. पंखा तेल ८५ अंशांना आले की थर्मोस्टॅटवर सुरू होतो. त्यानंतर तसल्याच कामात, दांडा एलवर ठेवून, तापमान ९५ च्या आत राहिले. मुद्दाम डीवर ठेवून पाहिले तेव्हा मात्र तेवढ्याच मालाला आणि तेवढ्याच उन्हात काटा शंभरी ओलांडून गेला.

ऑटोमॅटिकबरोबर काही सवयी सोडाव्या लागल्या. बॅटरी उतरली की चार माणसांनी ढकलून गाडी सुरू करणे आता शक्य नाही, कारण तेलाचा पंप इंजिनाकडून फिरतो आणि इंजिन बंद असताना क्लच धरायला दाबच नसतो. म्हणून मोठी बॅटरी घेतली आणि जंप केबल सीटमागे ठेवली. त्याच कारणाने गाडी ट्रॅक्टरने ओढायची झाल्यास मागचा प्रोपेलर शाफ्ट आधी सोडायचा, नाहीतर आतले गिअर तेलावाचून फिरतात. चढावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग पी (पार्क). नुसत्या पीवर भरलेल्या गाडीचे सगळे वजन बोटभर खिळीवर येते. दांडा पी किंवा एनवर (न्यूट्रल) असल्याशिवाय सेल्फ लागू नये यासाठीचा स्विच अशा अनेक बदललेल्या गाड्यांमध्ये ‘नंतर करू’ म्हणून राहतो. आमच्याकडे तो पहिल्या दिवशीच जोडला, कारण बागेत लहान मुले असतात.

अंजिराचा हंगाम संपल्यावर चेंबर पुन्हा उघडले. चुंबकांवर करड्या पेस्टचा पातळ थर होता, कपचे नव्हते. तेल डेक्सरॉन-३ प्रतीचेच पुन्हा भरले आणि पातळी इंजिन सुरू ठेवून, तेल गरम असताना, दांडा सर्व जागांवरून फिरवून पीवर आणल्यानंतर पाहिली. थंड आणि बंद इंजिनावर पाहिलेली पातळी खोटी असते, हे डिपस्टिकशेजारी रंगाने लिहून ठेवले आहे. हीच पिकअप नोंदणी करून महामार्गावर पळणारी असती तर मी पाच गिअरचा मर्सिडीज बॉक्स घेतला असता, कारण तिथे कूलरला वारा मिळतो, जास्तीचा गिअर कामी येतो आणि गॅरेज दूर नसते. पावसाळ्यापूर्वी कंट्रोलर सीटखालून काढून डॅशबोर्डमागे उंचावर, पाणी न शिरणाऱ्या डब्यात न्यायचा आहे. ओढ्याचे पाणी रस्त्यावर येते तेव्हा ते पिकअपच्या फुटबोर्डपर्यंत पोहोचते, असे मामा सांगतात.